स्पार्कलिंग वाइनच्या बाटलीतील पेल्यांची संख्या

स्पार्कलिंग वाइनच्या बाटलीतील पेल्यांची संख्या म्हणजे कर्बवायूयुक्त (फसफसणाऱ्या) वाइनच्या एका बाटलीतून ठरावीक मापाचे किती पेले भरता येतात, याची गणना होय. ७५० मिलिलिटरच्या प्रमाणित बाटलीतून १२५ मिलिलिटरचे सहा किंवा १५० मिलिलिटरचे पाच पेले भरतात, असा सर्वसाधारण हिशेब आहे. प्रत्यक्षात ही संख्या पेल्याचे माप, ओतताना होणारी घट, फेस आणि पिण्याचा प्रसंग यांनुसार बदलते. समारंभासाठी किती बाटल्या लागतील हे ठरवणे, उपाहारगृहात एका पेल्याची किंमत काढणे आणि एका व्यक्तीने किती मद्यार्क घेतला हे मोजणे, अशा तीन कामांसाठी ही गणना उपयोगी पडते. पेल्यांची संख्या बदलली तरी बाटलीतील एकूण मद्यार्क बदलत नाही. त्यामुळे आरोग्य आणि वाहनचालन यांच्या दृष्टीने पेल्यांच्या संख्येपेक्षा पेल्याचे माप अधिक महत्त्वाचे ठरते.

बाटलीचे माप

स्पार्कलिंग वाइनची प्रमाणित बाटली ७५० मिलिलिटरची असते. युरोपीय संघात २०० मिलिलिटर, ३७५ मिलिलिटर, ७५० मिलिलिटर आणि १.५ लिटर ही मापे प्रचलित आहेत. दीड लिटरच्या बाटलीस 'मॅग्नम' म्हणतात. त्याहून मोठ्या बाटल्यांना प्राचीन राजांची व बायबलमधील व्यक्तींची नावे आहेत. ३ लिटरची बाटली 'जेरोबोआम', ६ लिटरची 'मेथुसेला', ९ लिटरची 'साल्मनाझार', १२ लिटरची 'बाल्थाझार' आणि १५ लिटरची 'नेबुकडनेझर' या नावाने ओळखली जाते. मॅग्नममध्ये दोन, जेरोबोआममध्ये चार आणि नेबुकडनेझरमध्ये वीस प्रमाणित बाटल्यांइतकी वाइन मावते.

वाइनच्या घाऊक व्यापारात ९ लिटरची 'केस' हे एकक वापरतात. तिच्यात ७५० मिलिलिटरच्या बारा बाटल्या येतात. १२५ मिलिलिटरच्या मापाने एका केसमधून सैद्धांतिकदृष्ट्या ७२ पेले मिळतात.

पेल्याचे माप

एका पेल्यात किती वाइन ओतावी यासाठी जगभर लागू असलेला एकच नियम नाही. ब्रिटनमध्ये साधी, म्हणजे न फसफसणारी वाइन पेल्याने विकताना १२५ किंवा १७५ मिलिलिटर अथवा त्यांच्या पटीतील माप वापरणे कायद्याने बंधनकारक आहे. तेथे स्पार्कलिंग वाइनसाठीही १२५ मिलिलिटरचे माप रूढ आहे. अमेरिकेत ५ द्रव औंस, म्हणजे सुमारे १४८ मिलिलिटर, हा वाइनचा एक पेला मानला जातो. 'बाटलीत सहा पेले' आणि 'बाटलीत पाच पेले' ही दोन्ही विधाने प्रचारात असण्याचे कारण मापांतील हा फरक आहे.

घट विचारात न घेता ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून मिळणारे पेले पुढीलप्रमाणे :

- ७५ मिलिलिटर (शुभेच्छेपुरता घोट) : १० पेले
- १०० मिलिलिटर : ७.५ पेले
- १२० मिलिलिटर : ६.२५ पेले
- १२५ मिलिलिटर : ६ पेले
- १५० मिलिलिटर : ५ पेले
- १७५ मिलिलिटर : सुमारे ४.३ पेले

पेल्याची धारणक्षमता आणि त्यात ओतलेले माप यांत फरक असतो. स्पार्कलिंग वाइनसाठी वापरला जाणारा उंच, निमुळता 'फ्लूट' पेला साधारण १५० ते २०० मिलिलिटरचा असतो. फेसासाठी जागा राहावी म्हणून तो दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश एवढाच भरतात. पसरट 'कूप' पेल्यात वाइनचा पृष्ठभाग मोठा असल्याने वायू लवकर निसटतो आणि भरलेला पेला सहज सांडतो. त्यामुळे केवळ पेल्याकडे पाहून माप ठरवता येत नाही. मोजपात्राने १२५ मिलिलिटर पाणी पेल्यात ओतून त्याची पातळी लक्षात ठेवणे ही सोपी व खात्रीची पद्धत आहे.

गणनेची पद्धत

मूळ सूत्र असे आहे :

पेल्यांची संख्या = (बाटलीतील आकारमान − घट) ÷ एका पेल्याचे माप

बूच उघडताना उसळणारा फेस, पेल्याबाहेर सांडणारे थेंब आणि बाटलीच्या तळाशी राहणारा अंश मिळून घट होते. एका बाटलीमागे २० मिलिलिटर घट धरल्यास ७३० मिलिलिटर वाइन उरते. तिला १२५ ने भागल्यास ५.८४ हे उत्तर येते, म्हणजे पाच पूर्ण पेले भरतात आणि सहाव्यात सुमारे १०५ मिलिलिटर वाइन येते. सहा समान पेले हवे असल्यास प्रत्येकी १२० मिलिलिटर ओतावे लागते, कारण ७३० ला १२० ने भागल्यास भागाकार सहापेक्षा किंचित अधिक येतो. यावरून, १२५ मिलिलिटरच्या मापाने सहा ही संख्या कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे.

एकाहून अधिक बाटल्या लागणार असतील तर गणना दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात एका बाटलीतून मिळणारे पूर्ण पेलेच मोजतात व उरलेला अपुरा पेला सोडून देतात. दुसऱ्या प्रकारात लागणारी एकूण वाइन काढून तिला एका बाटलीतील आकारमानाने भागतात, कारण एका बाटलीतील अपुरा पेला दुसऱ्या बाटलीतून पुरा करता येतो. समजा, ६० जणांना प्रत्येकी १०० मिलिलिटर द्यायचे आहेत. पहिल्या पद्धतीने एका बाटलीतून सात पेले धरल्यास ६० ÷ ७ = ८.५७, म्हणजे ९ बाटल्या लागतात. दुसऱ्या पद्धतीने घट न धरता ६,००० ÷ ७५० = ८ बाटल्या पुरतात. घट धरल्यास ६,००० ÷ ७३० = ८.२२, म्हणजे पुन्हा ९ बाटल्या लागतात. भागाकार अपूर्णांकात आला तर तो नेहमी पुढच्या पूर्णांकाकडे न्यावा लागतो, कारण बाटली अर्धी विकत घेता येत नाही.

पेल्याची किंमत काढतानाही हाच भागाकार वापरतात. बाटलीची किंमत १,२०० रुपये मानल्यास सहा पेल्यांच्या हिशेबाने एका पेल्याचा मूळ खर्च २०० रुपये, तर पाच पेल्यांच्या हिशेबाने २४० रुपये होतो. पेल्यात ठरल्यापेक्षा २५ मिलिलिटर जास्त ओतल्याने खर्चात २० टक्के वाढ होते.

फेस, साखर आणि वायू

साध्या वाइनपेक्षा स्पार्कलिंग वाइन ओतताना घट अधिक होते, याचे कारण तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू हे आहे. पारंपरिक पद्धतीत तयार वाइनमध्ये दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर व यीस्ट घालून बाटली बंद करतात. बाटलीतच दुसऱ्यांदा किण्वन होऊन वायू निर्माण होतो आणि बाहेर पडण्यास वाट नसल्याने तो द्रवात विरघळतो. ७५० मिलिलिटरसाठी ही साखर सुमारे १८ ग्रॅम भरते. वारणानगर परिसरातील उसापासून होणारी साखर आणि या प्रक्रियेत वापरली जाणारी साखर रासायनिकदृष्ट्या एकच, म्हणजे सुक्रोज आहे. १८ ग्रॅम सुक्रोजपासून किण्वनाने सुमारे ९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सामान्य दाबाखाली त्याचे आकारमान सुमारे ५ लिटर, म्हणजे बाटलीच्या आकारमानाच्या सहा-सात पट असते. बंद बाटलीतील दाब ५ ते ६ वातावरण, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या दुपटीहून अधिक असतो.

तापमान वाढले की द्रवात वायू कमी विरघळतो. त्यामुळे कोमट किंवा हलवलेली बाटली उघडल्यास वाइन उसळून बाहेर येते आणि एखादा पेला कमी भरतो. बाटली ६ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करणे, बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवणे आणि आवाज न करता वायू सोडणे या उपायांनी घट कमी होते. बूच वेगाने उडून डोळ्यास गंभीर इजा होऊ शकते, म्हणून बाटलीचे तोंड कोणाच्याही दिशेने धरत नाहीत.

ओतण्याच्या रीतीचाही परिणाम होतो. फ्रान्समधील रेंस विद्यापीठातील जेरार लिजे-बेलेर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, तिरप्या धरलेल्या पेल्याच्या कडेने वाइन ओतल्यास सरळ उभ्या पेल्यात ओतण्यापेक्षा अधिक वायू टिकून राहतो. तिरप्या पेल्यात फेस कमी होत असल्याने मापही अचूक राहते. उभ्या पेल्यात ओतायचे असल्यास प्रथम थोडी वाइन ओतून फेस बसू देतात आणि मग पेला ठरलेल्या पातळीपर्यंत भरतात.

महाराष्ट्रातील स्पार्कलिंग वाइन

भारतातील स्पार्कलिंग वाइननिर्मितीचा इतिहास प्रामुख्याने महाराष्ट्राशी निगडित आहे. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांच्या इंडेज समूहाने पायपर-हाइडसिक या फ्रेंच शांपेन उत्पादक कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने पारंपरिक पद्धतीची स्पार्कलिंग वाइन तयार केली. ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात निर्यात होत असे. 'शांपेन' हे नाव मात्र फ्रान्समधील शांपेन प्रदेशात ठरलेल्या नियमांनुसार तयार होणाऱ्या वाइनपुरते राखीव आहे. मराठीत बोलताना कोणत्याही फसफसणाऱ्या वाइनला शांपेन म्हटले जात असले, तरी महाराष्ट्रातील उत्पादनांना ते नाव लागू होत नाही.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्योगासाठी वाइन पार्क उभारण्यात आले. वारणा नदीच्या दक्षिणेकडील वारणानगरचा परिसर ऊस आणि दुग्धव्यवसायासाठी ओळखला जातो, तर नदीपलीकडील सांगली जिल्ह्यात तासगाव, पलूस, मिरज या तालुक्यांत द्राक्षबागा आहेत. तेथील द्राक्षे मुख्यतः खाण्यासाठी व बेदाण्यासाठी वापरली जातात. स्पार्कलिंग वाइनचे प्रमुख केंद्र नाशिक जिल्हा आहे. राजीव सामंत यांनी स्थापन केलेल्या सुला व्हिनयार्ड्सची तसेच २०१३ मध्ये बाजारात आलेली मोएट हेनेसी समूहाची 'शांदों' ही स्पार्कलिंग वाइन तेथे तयार होते.

प्रसंगानुसार अंदाज

एका व्यक्तीमागे किती पेले धरायचे हे प्रसंगावर अवलंबून असते.

शुभेच्छा : केवळ शुभेच्छेसाठी पेला उंचावायचा असल्यास ७५ ते १०० मिलिलिटर पुरतात. अशा वेळी एका बाटलीत घट धरून सात ते नऊ जणांची सोय होते.

स्वागतपेय : जेवणापूर्वी एक पूर्ण पेला द्यायचा असल्यास १२० ते १२५ मिलिलिटर धरतात. सहा जणांमागे एक बाटली हे प्रमाण १२० मिलिलिटरसाठी योग्य आहे.

मिश्र पेये : संत्र्याचा रस आणि स्पार्कलिंग वाइन समप्रमाणात असलेल्या 'मिमोझा'त ७५ मिलिलिटर वाइन असते, त्यामुळे एका बाटलीतून सैद्धांतिकदृष्ट्या दहा पेले होतात. पीच फळाचा गर घालून केलेल्या 'बेलिनी'त १०० मिलिलिटर वाइन असल्याने सात पूर्ण पेले मिळतात. 'कीर रॉयाल'मध्ये ९० मिलिलिटर वाइन असते आणि बाटलीतून आठ पेले होतात.

अंदाजातील सर्वांत मोठी चूक पेल्याच्या मापापेक्षा पिणाऱ्यांच्या संख्येत होते. महाराष्ट्रातील समारंभांत मद्य न घेणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय असते. शंभर पाहुण्यांपैकी चाळीस जण मद्य घेत नसतील, तर १०० मिलिलिटरच्या शुभेच्छापेल्यासाठी १४ नव्हे, तर ९ बाटल्या लागतात. उरलेल्या चाळीस जणांसाठी फळांचा रस, कोकम सरबत किंवा सोडा यांची तेवढ्याच मापाने सोय करणे हा त्याच गणनेचा भाग आहे. एकदा उघडलेली स्पार्कलिंग वाइन फार काळ टिकत नाही, म्हणून एकेक बाटली लागेल तशी उघडणे आणि न उघडलेल्या बाटल्या राखीव ठेवणे इष्ट असते.

मद्यार्काचे प्रमाण

बहुतेक स्पार्कलिंग वाइनमध्ये आकारमानाने ११ ते १२.५ टक्के मद्यार्क असतो. १२ टक्के धरल्यास ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ९० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. मद्यार्काची घनता ०.७८९ असल्याने त्याचे वजन सुमारे ७१ ग्रॅम भरते. बाटलीचे पाच भाग केले काय किंवा दहा, हे ७१ ग्रॅम कायम राहतात. १० ग्रॅम मद्यार्क म्हणजे एक 'प्रमाणित पेय' मानले, तर एका बाटलीत अशी सुमारे सात पेये आहेत. ब्रिटनमध्ये ८ ग्रॅमचे एकक वापरतात, त्या हिशेबाने ती नऊ होतात. अमेरिकेत १४ ग्रॅमचे एकक असल्याने तेथे ती पाच होतात.

भारतात परिचित असलेल्या मापांशी तुलना केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. एका मापात असलेला मद्यार्क पुढीलप्रमाणे :

- १२ टक्के स्पार्कलिंग वाइन, १२५ मिलिलिटर : सुमारे ११.८ ग्रॅम
- १२ टक्के स्पार्कलिंग वाइन, १५० मिलिलिटर : सुमारे १४.२ ग्रॅम
- ४२.८ टक्के व्हिस्की किंवा रम, ३० मिलिलिटर (लहान पेग) : सुमारे १०.१ ग्रॅम
- ४२.८ टक्के व्हिस्की किंवा रम, ६० मिलिलिटर (मोठा पेग) : सुमारे २०.३ ग्रॅम
- ५ टक्के बिअर, ३३० मिलिलिटर : सुमारे १३ ग्रॅम

म्हणजेच वाइनच्या एका साध्या पेल्यात व्हिस्कीच्या लहान पेगपेक्षा किंचित अधिक मद्यार्क असतो. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइनला दारू म्हणावे की नाही यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी या निर्णयास विरोध केला, तर समर्थकांनी द्राक्ष उत्पादकांच्या हिताचा मुद्दा मांडला. धोरणाविषयी मतभेद असले, तरी शरीरात जाणाऱ्या मद्यार्काचा हिशेब पेयाच्या नावावर नव्हे, तर माप आणि टक्केवारी यांच्या गुणाकारावर ठरतो.

वाहनचालन आणि कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांच्या सूत्राने एका पेल्याचा परिणाम अजमावता येतो. १२५ मिलिलिटर वाइनमधील ११.८ ग्रॅम मद्यार्क पूर्णपणे शोषला गेल्यास ७० किलोग्रॅम वजनाच्या पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २६ मिलिग्रॅम, तर ५५ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीच्या रक्तात सुमारे ४१ मिलिग्रॅम मद्यार्क येतो. म्हणजे काही व्यक्ती एकाच पेल्यात कायदेशीर मर्यादा ओलांडू शकतात. दोन पेल्यांनंतर वरील पुरुषाच्या रक्तातील प्रमाण ५२ मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचते. शरीर साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅम या वेगाने ते कमी करते, त्यामुळे रक्त मद्यार्कमुक्त होण्यास साडेतीन तास लागू शकतात. जेवण, वय, प्रकृती आणि औषधे यांमुळे हे आकडे बदलतात. म्हणून वाहन चालवणाऱ्यासाठी पेल्यांची योग्य संख्या शून्य हीच मानली जाते.

महाराष्ट्रात मद्य बाळगणे व पिणे यासाठी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखालील परवाना आणि वयाची अट लागू आहे. १ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मद्याच्या बाटलीवर मद्यसेवन आरोग्यास घातक असल्याचा व मद्य पिऊन वाहन न चालवण्याचा इशारा छापणे बंधनकारक आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. गरोदर स्त्रियांना मद्य पूर्णपणे टाळण्याचा सल्ला दिला जातो.

साखर आणि ऊर्जा

बाटलीवरील 'ब्रूट' हा शब्द कमी गोडी दर्शवतो. अशा वाइनमध्ये दर लिटरला १२ ग्रॅमहून कमी साखर असते, म्हणजे १२५ मिलिलिटरच्या पेल्यात दीड ग्रॅमपेक्षा कमी. 'देमी-सेक' प्रकारात दर लिटरला ३२ ते ५० ग्रॅम साखर असल्याने त्याच पेल्यात ४ ते ६ ग्रॅम साखर येते. 'एक्स्ट्रा ड्राय' हा प्रकार नावावरून कोरडा वाटला, तरी ब्रूटपेक्षा गोड असतो. एक ग्रॅम मद्यार्कापासून ७ आणि एक ग्रॅम साखरेपासून ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यानुसार ब्रूट वाइनच्या पूर्ण बाटलीत सुमारे ५३० आणि १२५ मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे ९० किलोकॅलरी ऊर्जा असते. त्यातील बहुतांश ऊर्जा मद्यार्काची असते, साखरेची नव्हे.

प्रचलित गैरसमज

- उघड्या बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवल्यास वायू टिकतो, असे म्हटले जाते. प्रयोगांत त्याचा उपयोग दिसून आलेला नाही. घट्ट बसणारे दाबरोधक झाकण लावून बाटली शीतकपाटात ठेवल्यास वाइन एक ते तीन दिवस पिण्यायोग्य राहते.
- मोठ्या बाटलीतून प्रमाणापेक्षा अधिक पेले मिळतात, असा समज आहे. मॅग्नममध्ये वाइन नेमकी दुप्पट असते. एका लिटरमागे बाटली उघडण्याच्या वेळा कमी होत असल्याने घटीत मात्र थोडी बचत होऊ शकते.
- लहान पेले दिल्याने मद्यसेवन आपोआप कमी होते, असे मानले जाते. पेला पुन्हा पुन्हा भरला गेल्यास ते खरे ठरत नाही. अशा वेळी पेल्यांऐवजी रिकाम्या झालेल्या बाटल्या मोजून त्यांना पिणाऱ्यांच्या संख्येने भागल्यास सरासरी सेवन कळते.

हे सुद्धा पहा

- वाइन
- शांपेन
- किण्वन
- द्राक्ष
- नाशिक जिल्हा
- नारायणगाव
- वारणानगर
- मोटार वाहन अधिनियम, १९८८